आईच्या रक्तातले आकडे

माझ्या रक्ताचा रिपोर्ट मी नवऱ्याच्या आधी वाचते. तो चष्मा शोधेपर्यंत माझं क्रिएटिनिन, युरिया आणि पोटॅशियम वाचून झालेलं असतं. मग तो चष्मा लावून "काय आलंय?" असं विचारतो आणि मी त्याच्यावर खेकसते. बारावीला रसायनशास्त्रात मी काठावर पास झाले होते. आता कुणी झोपेतून उठवून विचारलं, तरी किडनीच्या पेशंटचं फॉस्फरस किती असावं ते सांगेन. ज्याच्यावर जीव टांगलेला असतो ते आपोआप पाठ होतं, त्याला हुशारी लागत नाही.

भुकूमला आमचं घर मेन रोडपासून थोडं आत आहे. पुढच्या खोल्यांत नवरा, मी आणि आठवीतली मुलगी, मागच्या खोल्यांत भाडेकरू, आणि खिडकीतून बघावं तिकडे नव्या इमारतींचे सांगाडे. आठवड्यातून दोनदा नवरा मला डायलिसिसला शहराकडच्या हॉस्पिटलात नेतो. तिथं मशीन माझं रक्त धुतं आणि मी खुर्चीत पडून पाण्याचा विचार करते. दिवसभराचं पाणी मला एका लहान बाटलीत मोजून मिळतं. मुळशीच्या पावसाळ्यात, चारी बाजूंनी पाणी वाहत असताना तहानेनं जीभ टाळ्याला चिकटवून बसायचं, ही देवानं केलेली चेष्टा आहे, आणि मला ती अजिबात आवडलेली नाही.

रिपोर्टच्या खालच्या अंगाला एन्झाइम्स असतात. एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज अशी त्यांची नावं. ही द्रव्यं लिव्हरच्या, हाडांच्या, स्नायूंच्या आत असतात. आत कुठं दुखापत झाली की ती रक्तात सांडतात आणि त्यांचा आकडा चढतो. माझं अल्कलाइन फॉस्फटेज कायम चढलेलं, कारण किडनी गेली की मागोमाग हाडंही पोखरायला लागतात. पण एसजीपीटी मात्र इतकं खाली की एकदा मी डॉक्टरबाईंना ऐटीत म्हटलं, "किडन्या गेल्या, पण लिव्हर बघा कसं सोन्यासारखं आहे."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या पेशंटच्या रक्तात हा आकडा मुळातच कमी दिसतो. चांगला दिसला म्हणून सगळं चांगलं आहे असं धरायचं नाही."

मला राग आला. एवढ्या सगळ्यात एक आकडा माझ्या बाजूनं बोलत होता, तोही ह्या बाईंनी काढून घेतला. पण वाक्य डोक्यात राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या हाताचा फिस्टुला बंद पडला. फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडून तयार केलेली जागा. तिच्यात सुया टोचून रक्त मशीनकडे जातं. तिच्यावर हात ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. त्या दिवशी सकाळी हात ठेवला आणि थरथर नव्हती. उजव्या हाताचा आधीच गेला होता. मग मानेत नळी घातली. तिला जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप भरला, ती काढून दुसऱ्या बाजूला घातली.

डॉक्टरबाईंनी नवऱ्याला आणि मला समोर बसवलं. "नळी घालायच्या जागा आता फार उरलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "ट्रान्सप्लांटचं बघा. लवकर बघा."

त्यांच्या तोंडून 'लवकर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. घरी येताना चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी उभी होती आणि मला एकच हिशेब सुचत होता, की मुलगी दहावीला जाईपर्यंत मी असेन का. मोठ्यानं बोलले नाही. नवऱ्याच्याही मनात तेच असावं, कारण तो उगाचच हॉर्न वाजवत होता.

किडनी द्यायची कुणी? नवऱ्याला साखर आहे, त्याची चालत नाही. सासरची माणसं ह्या विषयावर एकदम भाविक झाली आणि नवस बोलायला लागली. मला भाऊ-बहीण नाही. सरकारी यादीत नाव आहे, पण ती यादी कुठपर्यंत आली हे कुणालाच ठाऊक नसतं.

आणि मग आई आली.

माझं माहेर धरणाच्या पलीकडे, वर खोऱ्यात. डोंगराच्या पोटाशी दहा-बारा घरांची वाडी, भाताची खाचरं, आणि मोबाईलला रेंज हवी तर टेपाडावर चढायचं. वडील गेल्यापासून आई एकटी राहते. कागदावर तिचं वय अठ्ठावन्न आहे, खरं किती ते तिलाही माहीत नाही. कुणाकडून तरी तिला माझं कळलं आणि ती दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंपुढं खुर्चीवर न बसता उभ्यानंच म्हणाली, "माज्याकडं दोन हायेत न्हवं? मंग त्यातली एक हिला द्या की. इचारताय काय?"

बाई म्हणाल्या, "आजी, आधी तपासण्या कराव्या लागतील."

"करा. रगत घ्या, काय बी घ्या."

रक्तगट जुळला. पुढचंही जुळलं. आईची किडनी कशी असावी, तर डॉक्टरबाई सोनोग्राफीचा कागद हातात धरून म्हणाल्या, की ह्या वयाला अशा किडन्या शहरात बघायला मिळत नाहीत. किडनी बिघडली की जे चढतं ते क्रिएटिनिन तिचं शून्य पूर्णांक आठ. माझं तेव्हा आठाच्या वर होतं. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला आणि कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली. त्या रात्री मुलगी म्हणाली, "आई, तू हसलीस." मी तिच्यावरही खेकसले, पण प्रेमानं.

कागदपत्रं, ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या समितीची तारीख मिळवणं, ह्यात आषाढ उजाडला. समितीच्या आधी दात्याच्या सगळ्या तपासण्या पुन्हा एकदा ताज्या कराव्या लागतात. तोवर आई वर घरी गेली होती, कारण आवणी आली होती. आवणी म्हणजे भाताची लावणी. मी तिला सांगितलं होतं, यंदा खाचर पडीक राहू दे. ती म्हणाली, "व्हय व्हय." आईचं 'व्हय' दोन वेळा आलं की त्याचा अर्थ नाही असा असतो, हे मला पुरतं माहीत होतं. पण तपासणीच्या तारखेला ती हजर झाली, ह्यातच मी खूश होते.

आमच्याकडे आवणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात यायचं, उद्या मी तुमच्या, परवा सगळे तिसऱ्याच्या. पैशांचा संबंध नाही. पण एखाद्याची सावड अंगावर ठेवणं हे आमच्या वाडीत चोरीपेक्षा वाईट. माणूस मेलं तरी घरच्यांनी जाऊन ती फेडायची असते. आता आईनं काय केलं असेल? ऑपरेशननंतर वाकायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. तिनं विचार केला, की पुढच्या साली आपण कुणाच्या खाचरात उतरू शकणार नाही, मग आपल्या खाचरात कोण येईल? म्हणून तिनं पुढच्या वर्षाची सावडसुद्धा ह्याच वर्षी फेडून टाकली. एकेका घरी दोनदोन दिवस. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखल, आणि कंबरेतून वाकलेली. शेवटच्या दिवशी खाचरातून निघाली, ओढ्यावर पाय धुतले, जीप धरली आणि आमच्याकडे आली. सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं तेव्हा तिच्या नखांत चिखल तसाच होता.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की एसजीओटी चौपट चढलंय आणि एसजीपीटीही थोडं वर आहे.

डॉक्टरबाई सुट्टीवर होत्या. एक तरुण डॉक्टर होता, त्यानं रिपोर्ट बघितला आणि आईला विचारलं, "आजी, दारू घेता का?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुजी आय घेती का?"

मी मध्ये पडले. त्यानं कावीळ झाली होती का विचारलं, गोळ्या कुठल्या घेता विचारलं, आणि शेवटी, मला वाटतं थोडा दुखावूनच, म्हणाला, "लिव्हरला सूज असू शकते. लिव्हर ठीक नसेल तर किडनी घेता येणार नाही. परत तपासू."

परत तपासू, हे मी ऐकलं. आईनं त्याच्या आधीचं ऐकलं. संध्याकाळी भाजी निवडताना हळूच म्हणाली, "लिवर म्हंजी काविळीचंच न्हवं?" मी म्हणाले, "आये, बाई यिऊ देत, त्या सांगत्याल." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती वर निघून गेली. म्हशीचं निमित्त सांगितलं.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांनी त्याच रक्तातून आणखी एक एन्झाइम तपासून घेतलं होतं, सीपीके नावाचं. ते स्नायूंचं असतं. "अहो, ते आभाळाला टेकलंय," त्या म्हणाल्या. "लिव्हरचं काही नाही हे. स्नायूंतून आलंय सगळं. तुमच्या आईंनी काय केलं काय? मॅरेथॉन पळाल्या का?"

मी म्हणाले, "आवणी असणार."

फोनवर बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की मलाही हसू फुटलं. तीन आठवडे अंगमेहनत बंद, मग पुन्हा रक्त द्यायचं, आकडे आपोआप खाली येतील, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर मी आईला अशी शिवी घातली की मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली. नको म्हटलं तरी सावडीला गेलीच! हिला अख्खी वाडी नावं ठेवेल म्हणून काळजी, आणि इकडे माझ्या मानेत नळी.

आईशी बोलायला दिवस गेला. तिच्या शेजारच्या घरातला मुलगा फोन घेऊन टेपाडावर गेला, तिला वर बोलावलं. तिच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप वरच्या खोऱ्यातली होते. मी ओरडून सांगितलं, "आये, तुला काय न्हाई झालं. लिवर चांगलं हाय. अंग शिनलंय नुसतं. काम करू नगंस, बाकी काय बी न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

"खरंच काय न्हाई."

"बरं, बरं."

आता मला त्या 'बरं'चा अर्थ लागतो. आमच्या घरात आजारी माणसाला खरं कधीच सांगत नाहीत. वडिलांना घशाचा कॅन्सर होता, आणि त्यांना शेवटपर्यंत घसा सुजलाय असंच सांगितलं होतं. सांगणारी आईच होती. अंगणात जाऊन रडायची आणि आत येऊन म्हणायची, "काय न्हाई, उतरंल." तेव्हा तिच्या लेकीनं तिला फोनवरून दोनदोनदा "काय न्हाई" म्हटल्यावर तिनं काय समजायचं? जे तिनं स्वतः आयुष्यभर सांगितलं तेच तिला परत ऐकू आलं.

तीन आठवड्यांनी ती आली ती वाळलेली होती. मी खूश झाले, कारण हात स्वच्छ होते, नखं कोरी होती, म्हणजे खाचरात उतरली नव्हती. जेवायला बसली आणि म्हणाली, "मला ताकभातच दे. त्याल नगं." मला वाटलं ऑपरेशनची धास्ती घेतली. दोन दिवस तिनं तेलाला हात लावला नाही. एकदा मोरीत ओकतानाही ऐकलं. विचारलं तर म्हणाली, "तुज्या हितलं पानी बाधतं मला."

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. एरवी मी वरून वाचायला सुरुवात करते, त्या दिवशी थेट खाली गेले. एसजीओटी, मर्यादेत. एसजीपीटी, मर्यादेत. सीपीके, मर्यादेत. मी किंचाळलेच.

"उतरलं?" आईनं विचारलं.

"उतरलं! सगळं उतरलं!"

आईनं डोंगराच्या दिशेला तोंड करून हात जोडले. मग पदरानं डोळे पुसले, पाटावर नीट बसली आणि नातीला म्हणाली, "घाल बया आता त्याल, घाल. चार थेंब जास्त घाल." मुलगी हसत सुटली. मी पण हसत होते, आणि हसतहसत बोटानं रिपोर्ट सरकवत वर गेले. सवय, दुसरं काय.

क्रिएटिनिन एक पूर्णांक सात.

मला पहिल्यांदा वाटलं, माझा रिपोर्ट आला. पण माझं आठ असतं. मग वाटलं, दुसऱ्या कुणाचा आला. नाव बघितलं, आईचंच नाव. वय अठ्ठावन्न. पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. आई काहीतरी बोलत होती, भाजीला फोडणी बसत होती, आणि मला कुणी डोकं पाण्याखाली धरल्यासारखं सगळं लांबून ऐकू येत होतं. नवरा आला. मी फोन त्याच्या हातात दिला. तो चष्मा शोधायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की त्याला तो सापडू नये.

दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. एक पूर्णांक आठ आलं. लघवीतून प्रोटीन जात होतं. डॉक्टरबाईंनी आईला जवळ बसवून विचारलं, "आजी, दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का मधे?"

"न्हाई."

"झाडपाल्याचं काही? काढा, मुळी, भस्म?"

"न्हाई. काय बी घेतलं न्हाई." आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

बाईंनी निरनिराळ्या तऱ्हेनं तेच विचारलं. मीही विचारलं. नवऱ्यानं विचारलं. आईचं एकच, न्हाई. मग तिला बाहेर बसवून बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज बसला होता. "ही किडनी आता घेता येणार नाही. थोडी सुधारेल कदाचित, पण पहिल्यासारखी होणार नाही. उलट आता आपल्याला त्यांचीच किडनी जपायची आहे."

मी म्हणाले, "पण एन्झाइम्स तर सगळी नॉर्मल आहेत."

मूर्खासारखं म्हणाले, मला माहीत होतं ते मूर्खासारखं आहे. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, त्या थरथर बंद पडलेल्या जागेवरच नेमका.

बाहेर आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली. "मंग? कवा म्हनल्यात?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर अजून आकडे उतरल्याचं तेज होतं. तिला काय सांगायचं? तुझ्या दोनपैकी एकही आता कामाची नाही, हे सांगायचं? आणि कशानं झालं, ते तर मलाच ठाऊक नव्हतं.

"आये, तुजं वय जास्त भरलं," मी म्हणाले. "समिती न्हाई म्हनली."

ती खाली बसली. म्हणाली, "आदी सांगायचं व्हतं त्येंनी. मी कमी सांगितलं असतं." मग पूर्ण रस्ताभर समितीला शिव्या दिल्या. मी गाडीच्या काचेला डोकं लावून ऐकत होते. तिच्या शिव्या ऐकताना मला बरं वाटत होतं, कारण माझ्या जवळच्या संपल्या होत्या.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. मानेतली दुसरी नळीही काढावी लागली, मग मांडीत घातली. मांडीत नळी असली की धड बसता येत नाही, धड चालता येत नाही. मी दिवसदिवस पडून असायचे आणि मागच्या खोल्यांतल्या भाडेकरू मुलांचं हसणं ऐकून कडू व्हायचे. मुलगी शाळेतून आली की आधी दारातून मला बघायची, मग दप्तर ठेवायची. तिच्या त्या बघण्याची मला भीती वाटायची. मला मरायचं नव्हतं, हे मी साफ सांगते. लोक समजूतदारपणे वगैरे मरतात म्हणे. माझ्यात तसला समजूतदारपणा मुळीच नव्हता. मला जगायचं होतं, मुलीचं डोकं खायचं होतं, आणि पोटभर पाणी प्यायचं होतं.

भादव्यात आई पुन्हा आली. घरात आम्ही दोघीच होतो. माझी मांडी, माझं तोंड बघून तिनं दार लावून घेतलं. पिशवीतून सागाच्या पानाची एक पुडी काढली, दोऱ्यानं बांधलेली. तिच्यात तांबूस रंगाचं कसलंसं वाटलेलं मूळ होतं.

"काय हाय गं हे?"

"आवशीद हाय. मला ह्याचाच गुन आला." ती माझ्या उशाशी बसली. "त्यो डागदर लिवर म्हनला न्हवं का? तू म्हनलीस काय न्हाई, पन मी वळखलं. मी गेले पल्याडच्या वाडीला. म्हातारा हाय थितं, काविळीचं देतो. पैका घेत न्हाई, काय न्हाई. पन बोलायचं न्हाई कुनाला. सांगितलं की गुन जातो. म्हून तुलाबी सांगितलं न्हाई, त्या बाईलाबी न्हाई."

मी उठून बसले. मांडीतून कळ गेली. "किती घेतलंस?"

"लोकं तीन येळा घेत्यात. म्हातारा म्हनला, तीनच बास. मी म्हनलं न्हाई बाबा, माजं काम मोठं हाय, मला लेकीला किडनी द्यायचीय. रोज गेले त्याच्या दारात. रोज घेतलं, थेट तुज्याकडं येस्तवर." तिनं मान ताठ केली. "आन् उतरलं का न्हाई? तूच वाचलंस न्हवं, समदं उतरलं म्हून?"

मीच वाचलं होतं. माझ्याच तोंडानं किंचाळले होते. आणि ते आकडे काहीही न घेता उतरणारच होते, नुसतं घरात बसली असती तरी.

राहिलेली पुडी पुढं मी डॉक्टरबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, ह्यानंच झालं असेल असं खात्रीनं सांगता येत नाही, आणि नसेल असंही नाही. नवरा जाऊन त्या म्हाताऱ्याला भेटला, त्याला हे देणं बंद कर म्हणाला. म्हातारा म्हणाला, "मी तीनच सांगितल्या व्हत्या." त्याचं खरं होतं. सावड असो की औषध, आईला मापात देणं-घेणं कधी जमलंच नाही. आता दर दोन महिन्यांनी मी तिला खाली बोलावते आणि तिच्या रक्ताचे आकडे तपासते. ती समजते ते बीपीसाठी आहे. आईला वाचता येत नाही. म्हणून हे लिहिण्याची माझी हिंमत होते आहे.

पण त्या दिवशी, त्या बंद दाराआड, माझ्या हातात काही नव्हतं. मी एवढंच विचारलं, "अजून घेतीस का तू?" ती नाही म्हणाली. मी तिला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "माजी शप्पत घे. परत तोंडात घालायचं न्हाई." तिला नवल वाटलं, पण घेतली. "मला आता कशाला लागतंय? ही तुजी मात्रा हाय."

तिनं पुडीतल्या वाटणाची बोराएवढी गोळी करून माझ्या जिभेवर ठेवली, लहानपणी जंताचं औषध द्यायची तशी, हनुवटी धरून. मग माझ्या मोजलेल्या बाटलीतून फुलपात्रात पाणी ओतलं, दिवसभराचं निम्मं. मी गोळी गालात सरकवली आणि पाणी प्याले. तोंड कडू जहर झालं. आई माझ्या गळ्याकडे बघत होती, खाली गेलं का ते.

"गिळलंस?"

मी मान हलवली.

भिंतीला धरत मोरीत गेले, नळ सोडला आणि थुंकले. चुळा भरल्या तरी कडूपणा जाईना. डोळ्यांतलं पाणीही तिथंच धुतलं. बाहेरून आईचा आवाज आला, अगदी हळू, गुपित सांगावं तसा.

"बाय, कुनाला सांगू नगंस बरं का. सांगितलं की गुन जातो."

"न्हाई आये," मी नळ तसाच सुरू ठेवून म्हणाले. "न्हाई सांगत."